के/पूर्वची चावी

२००६ च्या जानेवारीत मुंबई महापालिकेच्या के/पूर्व विभागात कॅस्टॅलिया या परदेशी सल्लागार कंपनीचे काम सुरू झाले. के/पूर्व म्हणजे विलेपार्ले, अंधेरी आणि जोगेश्वरी या तीन उपनगरांची रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडची बाजू. वस्ती आठ लाखांच्या घरात. सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ इथलाच, त्याच्या आजूबाजूची पंचतारांकित हॉटेलेही इथलीच. मरोळची औद्योगिक वसाहत आणि सीप्झ याच विभागात येतात, पार्ल्यातल्या मध्यमवर्गीय सोसायट्या आणि जोगेश्वरीच्या दाट वस्त्याही. थोडक्यात, पाण्याचे दर भरणारे आणि पाण्यासाठी हंडे लावणारे, दोन्ही प्रकारचे मुंबईकर एकाच वॉर्ड ऑफिसच्या हद्दीत.

कंपनीपुढे दोन प्रश्न होते. या विभागातले पाणीवाटप सुधारायचे कसे, आणि त्यात खासगी कंपनीला कोणते काम देता येईल? अभ्यासाचा खर्च महापालिकेच्या तिजोरीतून नव्हता. पायाभूत सुविधांत खासगी सहभाग वाढावा यासाठी जागतिक बँकेच्या छत्राखाली चालणाऱ्या एका निधीतून सुमारे सात लाख डॉलर मंजूर झाले होते. ज्या निधीचा जन्मच खासगी सहभागासाठी, त्याच्या पैशाने केलेला अभ्यास ‘खासगी कंपनीची गरज नाही’ असा निष्कर्ष काढेल, ही अपेक्षा भाबडी होती. प्रशासन मात्र म्हणत होते की हे खासगीकरण नव्हेच, ही फक्त सुधारणा आहे.

के/पूर्वची ही हकिगत आजवर लोकलढ्याची कथा म्हणून सांगितली गेली आहे, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक धागा आहे, त्याकडे कमी लक्ष गेले. मुंबईचे पाणी रोज सोडणारी, बंद करणारी, गळती शोधणारी माणसे पालिकेच्या पगारावर होती. पाण्याबद्दल सर्वांत जास्त माहिती त्यांना, आणि या वादात सर्वांत कमी बोलायची मुभाही त्यांनाच. लढा संपला, खासगीकरण टळले. त्या माणसांची संख्या मात्र आधीपासून घटत होती, ती पुढेही घटतच राहिली.

थोडे मागे जायला हवे. मुंबईला नळाचे पाणी दिले ते उपनगरांनी, पण उपनगरांना ते मिळाले फार उशिरा. हेन्री कॉनीबेअरच्या आराखड्याप्रमाणे १८५६ मध्ये साष्टीच्या डोंगरात विहार तलावाचे काम सुरू झाले, १८६० मध्ये ते पुरे झाले आणि पाणी निघाले ते थेट बेटावरच्या शहराकडे. १८७९ मध्ये तुळशी. १८९० च्या सुमारास पवई. त्याचे पाणी पिण्यालायक निघाले नाही, म्हणून ते कारखान्या-बागांकडे गेले. १८९२ मध्ये तानसा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीची गावे या काळात विहिरींवर जगत होती. तानसाचा नळ मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या कडेने शहराकडे जाताना त्यांनी नुसता पाहिला. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला, तेव्हा कुठे या गावांचा पाण्यावर कागदोपत्री हक्क तयार झाला.

त्याच सुमारास खालच्या वैतरणेवरचे धरण पुरे झाले. ते उभारणाऱ्या पालिकेच्या अभियंत्याचे, ना. वि. मोडकांचे, नाव त्या तलावाला मिळाले. मोडक सागर. अल्बर्ट मेयर यांच्यासोबत १९४८ मध्ये मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडणारे मोडक ते हेच. पालिकेच्या एका नोकराचे नाव तलावाला द्यावे असे तेव्हाच्या नगरपित्यांना वाटले, ही गोष्ट मला आज थोडी नवलाची वाटते. २०१४ मध्ये पुऱ्या झालेल्या मध्य वैतरणा प्रकल्पाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव आहे. नावाबद्दल कुणाला तक्रार असायचे कारण नाही. पण मधल्या सहा दशकांत जलअभियंता खात्याची पत कुठून कुठे आली, ते या दोन नावांवरून कळते.

१९७३ मध्ये जागतिक बँकेने मुंबईच्या पाण्यासाठी पहिले मोठे कर्ज दिले. त्यातून आणि पुढच्या कर्जांतून भातसाचे पाणी आले आणि भांडुपला जलशुद्धीकरणाचे प्रचंड संकुल उभे राहिले. कर्जाबरोबर आलेल्या अटींतून पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा अर्थसंकल्प पालिकेच्या इतर हिशेबापासून वेगळा झाला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण हा वेगळा हिशेब पुढे अनेक वर्षे शिलकीत राहिला. हॉटेल, कारखाने, कार्यालये यांना पाण्याचा दर घरगुती दराच्या कितीतरी पट. त्या पैशावर घरगुती पाणी स्वस्त. म्हणजे मुंबईच्या पाणीखात्यावर तोट्यामुळे खासगी कंपनी बोलावण्याची पाळी आलेली नव्हती. के/पूर्वमधली हॉटेले, विमानतळ आणि औद्योगिक वसाहत तर या हिशेबातली दुभती बाजू. नेमका हाच विभाग प्रयोगाला का निवडला, असा प्रश्न पुढे विचारला गेला त्यात आश्चर्य नव्हते.

मग अडचण काय होती? एक तर उपनगरे फुगली आणि नळ तेवढेच राहिले. दुसरे, १९९० नंतर सरकारी नोकरभरतीकडे बघण्याची नजर बदलली. १९९७ साली पाचव्या वेतन आयोगाचा अहवाल आला. पगारवाढ सर्वांच्या लक्षात राहिली. दहा वर्षांत सरकारी नोकरवर्ग सुमारे तीस टक्क्यांनी कमी करावा ही त्याच अहवालातली शिफारस फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. शिफारस केंद्रासाठी होती, तरी तिची हवा राज्यांपर्यंत आणि पालिकांपर्यंत पोचली. आपल्याकडे कपात गाजावाजा करून होत नाही. कुणालाही काढून टाकले जात नाही, त्यामुळे मोर्चाही निघत नाही. माणूस निवृत्त होतो, निरोपसमारंभात श्रीफळ आणि शाल मिळते, आणि त्याची जागा ‘भरतीस स्थगिती’ या शेऱ्याखाली रिकामी राहते. काही वर्षांनी पद व्यपगत होते. तोवर त्याचे काम शेजारच्या टेबलावर गेलेले असते, नाहीतर कंत्राटदाराकडे. मुंबईच्या कचऱ्यात हे आधी घडले. तिथल्या कंत्राटी कामगारांनी संघटना करून वर्षानुवर्षे खटला लढवला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० जणांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. पाण्यात ते इतके उघड दिसत नव्हते, कारण पाणीखात्यातले काम जमिनीखालचे.

ते काम जवळून पाहिले पाहिजे. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तास येते, आणि ते आपोआप येत नाही. कुणीतरी ते सोडावे लागते. सोडणारा तो चावीवाला. त्याची चावी म्हणजे वर आडवी मूठ असलेली लांब लोखंडी दांडी. रस्त्यातले झाकण उचलायचे, खालच्या झडपेच्या चौकोनी डोक्यावर दांडीचे तोंड बसवायचे आणि मूठ धरून गोल फिरत आटे मोजायचे. मोठ्या झडपेला दोघे-तिघे लागतात. एका गल्लीची झडप पूर्ण उघडली तर टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढत नाही. म्हणून इकडे इतके आटे, तिकडे तितके, आणि अमुक झडप बंद झाल्याशिवाय तमुक उघडायची नाही. अशा शेकडो झडपा शहरभर रोज उघडल्या-मिटल्या जातात. नकाशावर नळ दिसतो. कोणती झडप अर्धवट गंजली आहे, कोणत्या रस्त्याच्या डांबरीकरणात कोणते झाकण गाडले गेले, कोणत्या चाळीला पहाटेचेच पाणी पुरते, हे मात्र चावीवाल्याच्या आणि त्याच्यावरच्या कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यात असते. ती माहिती एकाने दुसऱ्याला बरोबर हिंडवून शिकवायची. शिकणाराच भरतीत आला नाही तर ती शिकवणाऱ्याबरोबर निवृत्त होते.

पाण्याची शुद्धताही याच कामात आहे. भांडुपहून निघते ते पाणी स्वच्छ असते. पण नळातला दाब दिवसाचे अनेक तास शून्यावर असतो, आणि रिकामा नळ भोवतालचे पाणी आत ओढून घेतो. भोवताली गटार असेल तर गटाराचे. दाट वस्तीत जोडण्यांचे पातळ पाइप गटारातूनच गेलेले असतात. त्यातला एखादा कुजला की पुढच्या पाळीचे पहिले पाणी गढूळ. ते थांबवायचे तर गळती शोधली पाहिजे. गळती शोधणारे पथक रात्री, रहदारी निवल्यावर, लोखंडी सळईचे एक टोक नळाला आणि दुसरे कानाला लावून ऐकते. परदेशातली अत्याधुनिक यंत्रे चोवीस तास दाबाखाली भरलेल्या नळांसाठी बनवलेली. इथे नळात पाणीच दोन-चार तास. यंत्रांपेक्षा मुरलेल्या माणसाचा कान बरा, असे खात्यातले लोक सांगत. निखिल आनंद या मानववंश अभ्यासकाने याच काळात अंधेरी-जोगेश्वरीत राहून या खात्याचे काम पाहिले. त्यांच्या लेखनात हा कान आणि ही सळई वारंवार येते. लिसा ब्योर्कमन यांनीही याच काळातल्या मुंबईच्या नळांवर पुस्तक लिहिले. के/पूर्वची आतली बाजू आज आपल्याला कळते ती बरीचशी या दोघांमुळे.

सल्लागारांच्या कामाची सुरुवातच मोजणीने झाली. विभागात पाणी किती शिरते आणि त्यातले किती बिलात उतरते, यांची वजाबाकी म्हणजे गळती. वजाबाकी सोपी, आकडेच मिळेनात. मोठ्या नळांवर मापके बसवली तर त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. ग्राहकांची निम्मी जलमापके बंद किंवा बेभरवशाची, म्हणजे बिले अंदाजाची. आणि ज्याला गळती म्हणायचे त्यात नळाला पडलेले भोक किती आणि कागदावर नसलेल्या वस्तीने भरलेला हंडा किती? १९९५ नंतर आलेल्या झोपडीला नियमाने जोडणी मिळत नव्हती. तरी ती माणसे पाणी पीतच होती. प्लंबर, दलाल, स्थानिक पुढारी आणि कधी खात्यातलाच कुणी यांच्या मार्फत ते येत होते. हे पाणी सल्लागारांच्या तक्त्यात ‘हिशेबबाह्य’ या रकान्यात जायचे. शहराची गळती कुणी वीस टक्के सांगे, कुणी चाळीस. खासगी कंपनीला काम द्यायचे तर गळती जास्त असणे सोयीचे. खात्याची अब्रू राखायची तर कमी असणे सोयीचे. दोन्ही बाजूंना आकडा हवा होता आणि खरा आकडा कुणाकडेच नव्हता.

इथे खात्याची बाजू सरसकट उचलून धरण्यात अर्थ नाही. बंद मीटर दुरुस्त न करणे, जोडणीसाठी फेऱ्या मारायला लावणे, वस्तीच्या पाण्याला बाजारभाव लावणे, हे सारे खात्याच्या नाकाखाली चालू होते आणि काहींच्या खिशातही जात होते. जोगेश्वरीतल्या बाईला पालिकेचे पाणीखाते म्हणजे आपले हक्काचे सरकार असे वाटावे, असा अनुभव फार कमी. लोकांनी पुढे खासगीकरणाला विरोध केला तो पालिकेवर प्रेम होते म्हणून नव्हे. पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला घेराव घालता येतो, नगरसेवकाला मत नाकारता येते. कंपनीच्या दारात काय करायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता.

विरोधकांना दिल्लीने वाट दाखवली होती. २००५ मध्ये तिथल्या ‘परिवर्तन’ संस्थेने माहितीच्या अधिकारात दिल्ली जल बोर्डाची कागदपत्रे मिळवली. प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही सल्लागार कंपनी निवडीत मागे पडत असताना जागतिक बँकेच्या आग्रहापायी ती पुन्हा पुन्हा पुढे कशी आणली गेली, ते त्या कागदांत होते. वर्ष सरण्याआधी दिल्ली सरकारने प्रकल्प मागे घेतला. त्याआधी, २००० साली, बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराने पाण्याची परदेशी कंपनी आंदोलन करून घालवली होती. मुंबईत वस्ती संघटना, कामगार चळवळीतले कार्यकर्ते, अभ्यासक, सोसायट्यांतले नागरिक यांनी मिळून ‘मुंबई पाणी’ नावाचा गट उभा केला. सल्लागारांच्या कामाच्या अटी मिळवून वाचणे, त्यांचे सोपे मराठी-हिंदी करून वस्त्यांत सांगणे, वर्तमानपत्रांना आकडे पुरवणे, असे त्यांचे काम चालले.

३ जून २००७, रविवार. सल्लागारांचे निष्कर्ष ‘संबंधितां’पुढे मांडण्यासाठी सभा बोलावली गेली. सभेला वस्त्यांतले लोक आले, सोसायट्यांतले आले, कार्यकर्ते आणि पत्रकार आले. मांडणी शांतपणे पार पडेल असा अंदाज असेल तर तो लवकरच चुकला. अहवाल आधी का दिला नाही? खासगी कंपनीशिवायचे पर्याय तपासले का? ज्यांना जोडणीच नाही त्यांचे काय? प्रश्नांचा भडिमार झाला आणि सभा प्रशासनाच्या हातून गेली. त्यानंतर या प्रस्तावाची उघड बाजू घेणारा राजकीय पक्ष शोधून सापडला नसता. के/पूर्वमध्ये खासगी चालक नेमण्याची योजना बासनात गेली.

आता त्या दुसऱ्या धाग्याकडे. पाणी सोडण्याचे काम ज्यांना खरोखर ठाऊक होते, ते पालिकेचे अभियंते होते. आनंद यांच्याशी बोलताना त्यांपैकी अनेकांनी सल्लागारांच्या आकड्यांविषयी शंका सांगितल्या. वीस-पंचवीस वर्षांची सेवा झालेल्या माणसाला परक्या तज्ज्ञाने त्याचाच वॉर्ड समजावून सांगावा, याचा राग होता. पण ती शंका चहाच्या टेबलावर आणि केबिनमध्ये राहिली. सरकारी नोकराने जाहीरपणे सरकारी धोरणावर टीका करू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. राज्याच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांत तो लेखी आहे, पालिकेच्या नोकरीतही तीच रीत. परिणाम विचित्र झाला. ज्यांना झडपा माहीत होत्या ते गप्प, आणि जे बोलत होते त्यांना झडपांची माहिती ऐकीव. गळती नेमकी किती, किती माणसे भरली तर ती किती घटेल, जुनी मापके आपल्याच कार्यशाळेत दुरुस्त होतील का, ही चर्चा झालीच नाही. वाद ‘कंपनी हवी की नको’ एवढ्यावर लढला गेला आणि तेवढ्यावरच निकाली निघाला.

बोलणाऱ्याचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाच वर्षांनी पाहिले. २०१२ मध्ये जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली. सिंचन प्रकल्पांच्या किमती बेसुमार फुगवल्या गेल्या, उपसा योजना बंद पडल्या आहेत, कामाचा दर्जा निकृष्ट आहे, असा त्यांचा आरोप होता. पत्रे बाहेर आली आणि त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. डिसेंबरात ते परत पदावर आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले, अहवाल आला, खटल्यांचे गुऱ्हाळ पुढे बरीच वर्षे चालले. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली. अशा माणसांना संरक्षण देणारा केंद्राचा जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र निघालेली नाही. उलट २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करण्यास मनाई केली.

हे आपल्याच मातीचे दुखणे नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या नळात शिसे उतरते आहे, हे २०१५ च्या जूनमध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मिगेल देल तोराल या कर्मचाऱ्याने अंतर्गत टिपणात लिहिले. टिपण बाहेर आले, वरिष्ठांनी त्याचे महत्त्व कमी लेखले, आणि पुढच्या काही महिन्यांत ते खरे ठरले. दहा वर्षांनी, ३० जून २०२५ रोजी, त्याच संस्थेतल्या शेकडो कर्मचाऱ्यांनी नेतृत्वाच्या धोरणाविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. तीन दिवसांत सुमारे १४० जणांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. त्याच जुलैत संस्थेने सांगितले की वर्षारंभी १६,१५५ असलेली कर्मचारीसंख्या १२,४४८ वर येईल आणि संशोधन विभाग बंद होईल. तिथे कपात आणि तोंडबंदी एकाच महिन्यात, तारखांसह झाली, म्हणून साऱ्या जगाला दिसली. मुंबईत तीच गोष्ट पंचवीस-तीस वर्षांत पसरली.

के/पूर्वनंतर काय झाले ते भराभर सांगता येईल. २००७ च्या अखेरीस पालिकेने ‘सुजल मुंबई अभियान’ जाहीर केले. खासगी चालक हा शब्द गेला, पण दुरून वाचता येणारी मापके, झोपडपट्टीत आगाऊ पैसे भरायच्या मीटरची कल्पना, गळतीचे काम बाहेरच्या संस्थांकडे, हे तुकडे वेगवेगळ्या निविदांतून आलेच. २०१४ मध्ये सुएझ या फ्रेंच कंपनीला पाणीवाटप सुधारण्याच्या कामात घेतले गेले. वांद्रे-खार आणि मुलुंड हे दोन विभाग चोवीस तास पाण्याच्या प्रयोगाला निवडले. मुलुंड भांडुप संकुलाच्या शेजारी, म्हणून तिथे सोपे जाईल असा हिशेब होता. चोवीस तास पाणी मुंबईला काही मिळाले नाही. राज्यात इतरत्र खासगी वाटेचे अनुभव संमिश्र होते. नागपूरने कंपनी नेमली आणि ती टिकली, तक्रारींसह. लातूरने २००८ मध्ये पाणी कंत्राटदाराकडे दिले, मीटर आणि दरांवरून लोक उठले आणि व्यवस्था मोडली; त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. (दुष्काळाला कंपनी जबाबदार नव्हती.)

‘मुंबई पाणी’मधल्या कार्यकर्त्यांतून पुढे पाणी हक्क समिती उभी राहिली. तिच्या जनहित याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. अ. स. गडकरी यांच्या खंडपीठाने, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याचे धोरण आखायला पालिकेला सांगितले. २०२२ च्या मे महिन्यात ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले. के/पूर्वच्या सभेत जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचे निदान कागदावर तरी उत्तर मिळाले. सल्लागारांच्या तक्त्यातली ‘हिशेबबाह्य’ माणसे हिशेबात घ्यायची ठरली.

पण नवी जोडणी द्यायची तर वस्तीत जाऊन पाहणी करायला माणूस लागतो. नळ खोदून जोडायला, नंतर त्या गल्लीची पाळी बसवायला, पहिल्या पावसात पाणी गढूळ आले तर नमुना घ्यायला माणूस लागतो. गेल्या काही वर्षांत पालिकेच्या सुमारे १ लाख ४५ हजार मंजूर पदांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जागा रिकाम्या असल्याचे आकडे येत राहिले आहेत. २००७ मध्ये लोकांनी दारातून परत पाठवलेली कंपनी वेगळ्या नावाने आत यायला आता सभा बोलवावी लागत नाही. रिकाम्या खुर्चीचे काम कुणीतरी करायला हवे, एवढे कारण निविदेला पुरते. आणि जे सेवेत उरले आहेत त्यांच्याकडे दोन-दोन टेबले असल्यावर, वरिष्ठांना लेखी हरकत कळवायला वेळ आणि हिंमत दोन्ही कुठून आणायची?

२०२४ च्या नोव्हेंबरात पालिकेने कनिष्ठ आणि दुय्यम अभियंत्यांच्या ६९० पदांची जाहिरात काढली. स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत, सर्व शाखा धरून, सर्व खात्यांसाठी. पाणीखात्याच्या वाट्याला त्यातले जे येतील, त्यांना वॉर्डातल्या झडपा दाखवायला जुना माणूस हजर असायला हवा होता. परीक्षा, निकाल, कागदपत्रांची तपासणी आणि नेमणुका यांची रांग लागली, आणि दरम्यान प्रत्येक महिनाअखेरीला निवृत्त होणारे निवृत्त होतच राहिले.